एकच हार्ड डिस्क विंडोज, मॅक आणि उबंटूवर वेगवेगळी का दिसते, आणि दुरुस्ती कोठून सुरू करावी

आपण मांडलेली परिस्थिती थोडक्यात अशी आहे. २ टीबीची एक यूएसबी हार्ड डिस्क आपल्या दिवाळी अंकाच्या कामात तीन संगणकांवर फिरते. पानांची मांडणी विंडोज ११ वर होते, छायाचित्रे मॅकबुकवरून येतात आणि जुन्या अंकांचा संग्रह उबंटूच्या संगणकावर आहे. विंडोजवर डिस्क उघडते, पण तिच्यातले दोन फोल्डर परवानगी नसल्याचे सांगून अडवतात. मॅकवर सगळे दिसते, पण डिस्कवर काहीही ठेवता येत नाही. उबंटूवर परवापर्यंत ती चालत होती, आता माउंटच होत नाही, म्हणजे वापरण्यासाठी उघडली जात नाही. क्षमता एका ठिकाणी १.८१ टीबी आणि दुसऱ्या ठिकाणी २ टीबी दिसते, आणि संग्रहात काही मराठी नावांच्या फाइली दोन-दोनदा आल्या आहेत. डिस्क बिघडली आहे का आणि फॉरमॅट केल्याने हे सगळे मिटेल का, असा आपला प्रश्न आहे.

या वर्णनात डिस्क बिघडल्याचे एकही ठोस लक्षण मला दिसत नाही. तीन प्रणाली एकाच डिस्कविषयी तीन वेगळ्या गोष्टी सांगतात, तेव्हा डिस्कवर लिहिलेले बहुधा एकच असते आणि ते वाचण्याचे प्रत्येकीचे नियम निराळे असतात. आपली लक्षणे एकाच दोषातून आलेली नाहीत. प्रत्येकाचे कारण वेगळे आहे आणि त्यातील दोन तर दोषही नाहीत. फॉरमॅट केल्याने परवानगीचा आणि माउंटचा प्रश्न तेवढा जाईल, दुबार नावांचा प्रश्न पुढच्या महिन्यात पुन्हा उभा राहील, आणि मधल्या काळात डिस्कवरचा मजकूर गेलेला असेल.

काम सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट आग्रहाने सांगतो, कारण माझ्याकडे येणारे बरेचसे नुकसान मूळ दोषामुळे झालेले नसते, तर घाईत दाबलेल्या बटणामुळे झालेले असते. एखाद्या प्रणालीला डिस्कवरची रचना ओळखता आली नाही की ती मदत म्हणून डिस्क नव्याने तयार करण्याचा पर्याय पुढे करते. विंडोज कधी अशा भागाला ड्राइव्हचे अक्षरच देत नाही, तर कधी वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा असे सुचवते. मॅक ही डिस्क वाचता येत नाही असे सांगून बाहेर काढा, दुर्लक्ष करा आणि इनिशियलाइझ करा असे तीन पर्याय समोर ठेवतो. अशा वेळी दुर्लक्ष करणे किंवा डिस्क बाहेर काढणे एवढेच योग्य आहे. जलद फॉरमॅटमध्ये बहुतेक मजकूर जागेवरच राहतो हे खरे, पण अनुक्रमणिका फाडलेल्या आणि पाने सुटी झालेल्या अंकासारखी त्याची अवस्था होते. छायाचित्रे सापडतात, त्यांची नावे आणि फोल्डर मात्र सापडत नाहीत. शिवाय दुरुस्ती नेहमी त्या फाइल सिस्टिमच्या, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीच्या, घरच्या प्रणालीवरच करावी. एनटीएफएसची दुरुस्ती विंडोजवर करावी, एपीएफएस आणि एचएफएस प्लसची मॅकवर आणि ईएक्सटी४ ची लिनक्सवर. परक्या प्रणालीवरची साधने वाचण्यासाठी उत्तम असतात, पण दुरुस्तीसाठी मी त्यांच्यावर विसंबत नाही.

आता खालच्या थरापासून वर येऊ. सर्वांत खाली वीज, केबल आणि प्रत्यक्ष डिस्क येते. त्यावर पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या भागांची, नोंद, त्यावर फाइल सिस्टिम आणि सर्वांत वर नावे व परवानग्या. खालचा थर निर्दोष आहे याची खात्री न करता वरच्या थरावर दुरुस्तीचे साधन चालवणे धोक्याचे असते, कारण मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर विंडोजच्या चेकडिस्कसारखे तपासणीचे साधन तासन्‌तास वाचन-लेखन करत राहते आणि उरलेली संधीही घालवते.

अडीच इंची डिस्क यूएसबीवरूनच वीज घेते. यूएसबी २ च्या पोर्टने ५०० मिलिॲम्पिअर आणि यूएसबी ३ च्या पोर्टने ९०० मिलिॲम्पिअर द्यावेत असे मानक सांगते, पण स्वतःची वीजजोडणी नसलेल्या हबवर दोन-तीन उपकरणे लावली की वाटणी कमी पडते. अशा वेळी डिस्क एका संगणकावर उत्तम चालते आणि दुसऱ्यावर फिरू लागून पुन्हा थांबते, आणि दोष मात्र त्या दुसऱ्या प्रणालीच्या माथी बसतो. म्हणून तिन्ही संगणकांवर एकच आखूड केबल वापरून डिस्क थेट पोर्टला लावावी. उबंटूवर टर्मिनलमध्ये डीमेसेज (dmesg) ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालवली की कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, नोंदी दिसतात. त्यात यूएसबी उपकरण पुन्हा पुन्हा रीसेट झाल्याच्या ओळी असतील तर आधी केबल आणि पोर्ट बदलावे.

त्यानंतर स्मार्ट नोंदी, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवते त्या नोंदी, पाहाव्यात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो आणि उबंटूवर स्मार्टसीटीएल हे साधन वापरता येते. यूएसबी डिस्कसाठी स्मार्टसीटीएलला अनेकदा एसएटी हा प्रकार वेगळा सांगावा लागतो, एरवी ते माहिती मिळत नाही असे कळवते आणि लोक तेवढ्यावरून डिस्क नादुरुस्त ठरवतात. पाहायचे आकडे थोडेच आहेत. क्रमांक ५ वर बदलून दिलेल्या सेक्टरांची, म्हणजे डिस्कवरील लहान साठवण-घरांची, संख्या असते, १९७ वर वाचता न आलेल्या आणि निर्णय प्रलंबित असलेल्या सेक्टरांची, तर १९८ वर कायमचे वाचता न येणाऱ्या सेक्टरांची. या तिन्ही ठिकाणी मूळ आकडा शून्य असेल तर निश्चिंतपणे पुढे जावे. १९७ शून्य नसेल तर कोणतीही दुरुस्ती न करता आधी जीएनयू डीडीरेस्क्यूने पूर्ण डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करावेत. डीडीरेस्क्यूला नोंदफाइलचे नाव द्यायला विसरू नये, कारण तिच्यामुळेच मध्येच थांबलेले काम पुढे चालू करता येते आणि खराब भाग शेवटी हाताळले जातात. क्रमांक १९९ वाढलेला दिसला म्हणून तबकडीला दोष देऊ नये. तो डिस्क आणि तिच्या यूएसबी डबीतील, म्हणजे बाहेरच्या आवरणातील, जोडणी-चिप यांच्या दुव्यावरच्या चुका मोजतो.

डबीचा विषय निघालाच आहे तर एक प्रकार सविस्तर सांगतो, कारण तो ओळखता न आल्यामुळे चांगल्या डिस्का फॉरमॅट झालेल्या मी पाहिल्या आहेत. जुन्या एमबीआर पद्धतीच्या पार्टिशन नोंदीत सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहिला जातो. सेक्टर ५१२ बाइटचा धरला तर ही पद्धत सुमारे २.२ टीबीच्या पुढे जाऊ शकत नाही. ३२ बिटांच्या विंडोज एक्सपीला जीपीटी ही नवी पद्धत वाचता येत नव्हती, म्हणून मोठ्या डिस्का त्यावर चालाव्यात यासाठी काही डब्यांतील चिप संगणकाला सेक्टर ४०९६ बाइटचा असल्याचे सांगत असे. पार्टिशनची नोंद त्या मापाने लिहिली जाई आणि सगळे सुरळीत चाले. पुढे डबीचे सॉकेट तुटले म्हणून कोणी डिस्क काढून थेट सॅटा केबलला किंवा दुसऱ्या डबीत लावली, की तीच डिस्क ५१२ च्या मापाने वाचली जाते. पार्टिशनची सुरुवात आठपट चुकीच्या जागी शोधली जाते आणि डिस्क कोरी किंवा रॉ, म्हणजे फाइल सिस्टिम न ओळखलेली, असल्याचे दिसते. मजकूर जागच्या जागी असतो. मूळ डबी दुरुस्त करून किंवा त्याच चिपची दुसरी डबी मिळवून डिस्क लावली की तो जसाच्या तसा उघडतो. काही डब्यांतील चिप तर मजकूर कूटबद्ध करूनच डिस्कवर लिहिते आणि अशी डिस्क डबीबाहेर कोणत्याच प्रणालीला वाचता येत नाही. आपली डिस्क २ टीबीची असल्याने एमबीआरच्या मर्यादेत बसते, म्हणून हे कारण आपल्याला लागू होण्याची शक्यता कमी आहे. तरी संपादकीय कार्यालयातल्या कोणी मधल्या काळात डबी बदलली होती का, एवढे विचारून घ्यावे.

आता फाइल सिस्टिमकडे येऊ. उबंटूवर एलएसबीएलके ही आज्ञा फाइल सिस्टिम दाखवण्याच्या पर्यायासह चालवली की डिस्क माउंट न होताही तिचा प्रकार कळतो. तेथे एनटीएफएस दिसेल याची मला जवळजवळ खात्री आहे, कारण मॅकवर वाचता येते पण लिहिता येत नाही या लक्षणाचे दुसरे कारण क्वचितच असते. एनटीएफएस ही मायक्रोसॉफ्टची १९९३ सालच्या विंडोज एनटीबरोबर आलेली रचना आहे. मॅकओएस ती वाचते, पण तिच्यावर लिहिण्याची सोय ॲपल अधिकृतपणे देत नाही. तेव्हा मॅकवरचे आपले लक्षण हा दोष नव्हे आणि त्यावर दुरुस्तीही नाही. बाजारात मिळणारे विकतचे ड्रायव्हर बसवले की लिहिता येते आणि ते सर्वसाधारणपणे ठीक चालतात. मात्र ज्या मजकुराची दुसरी प्रत नाही असा मजकूर त्यांच्या भरवशावर ठेवावा असे मी कोणाला सुचवत नाही, कारण मॅकओएसची मोठी आवृत्ती बदलली की ड्रायव्हरही बदलावा लागतो, आणि अंक छापखान्यात जायच्या आठवड्यात असा खोळंबा परवडत नाही.

उबंटूचा नकार मात्र सविस्तर समजून घेण्यासारखा आहे. विंडोज ८ पासून विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप ही सोय आली. आपण शटडाउन करतो तेव्हा उघडे प्रोग्रॅम बंद होतात, पण प्रणालीचा गाभा पूर्ण बंद न होता त्याची स्थिती हायबरनेशनच्या फाइलमध्ये साठवली जाते, म्हणजे पुढच्या वेळी संगणक लवकर सुरू होतो. त्या क्षणी जोडलेले एनटीएफएस ड्राइव्ह विंडोजच्या दृष्टीने अजून उघडेच असतात आणि त्यांच्याविषयीची काही माहिती त्या साठवलेल्या स्थितीत राहते. आता संगणक बंद झाला म्हणून डिस्क काढून उबंटूला लावली की तेथील ड्रायव्हरला डिस्कवर अर्धवट उघड्या अवस्थेची खूण दिसते. एनटीएफएस-३जी हा ड्रायव्हर मेटाडेटा (फाइलींविषयीच्या नोंदी) विंडोजच्या कॅशमध्ये असल्याचे सांगून माउंट करायला नकार देतो. लिनक्स ५.१५ पासून कर्नलमध्येच असलेला एनटीएफएस३ हा ड्रायव्हर व्हॉल्यूम डर्टी, म्हणजे नीट बंद न केलेला, असल्याचे सांगतो. दोघांचाही नकार आपल्या मजकुराच्या रक्षणासाठी आहे. उबंटूने जबरदस्तीने त्यावर लिहिले आणि नंतर विंडोजने आपली जुनी साठवलेली स्थिती पुन्हा उघडली, तर दोघांच्या नोंदी एकमेकींवर पडून फाइली खरोखरच नष्ट होऊ शकतात. फोर्स या पर्यायाने माउंट करण्याचा सल्ला अनेक ठिकाणी सर्रास दिला जातो, तो याच कारणासाठी टाळावा.

उपाय विंडोजवरच करायचा आहे. डिस्क विंडोजला लावून संगणक रीस्टार्ट करावा. अनेकांना शटडाउन हे रीस्टार्टपेक्षा अधिक पूर्ण वाटते, पण फास्ट स्टार्टअप चालू असताना उलट असते, कारण रीस्टार्ट करताना गाभा पूर्णपणे बंद होऊन नव्याने सुरू होतो. त्यानंतर ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधील टूल्स या भागातून तपासणी करून घ्यावी किंवा प्रशासकाच्या अधिकाराने चेकडिस्क दुरुस्तीच्या पर्यायासह चालवावी. मग टास्कबारवरून डिस्क सुरक्षितपणे काढावी आणि उबंटूला लावावी. बहुतेक वेळा एवढ्यावर काम होते. हे पुन्हा घडू नये म्हणून कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करावे. एसएसडी असलेल्या संगणकावर त्याने सुरू होण्याच्या वेळेत जाणवण्याजोगा फरक पडत नाही. संगणक चालू करणे-बंद करणे अनेकांच्या हातात असेल, तर संगणक बंद करण्याआधी डिस्क काढायची हा नियम त्यापेक्षाही अधिक उपयोगी पडतो. एनटीएफएसफिक्स या नावाचे लिनक्सवरील साधन नावावरून वाटते तसे दुरुस्तीचे साधन नाही. ते काही मोजक्या विसंगती दूर करते, जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंदवही, रिकामे करते आणि पुढच्या वेळी विंडोजने तपासणी करावी अशी खूण ठेवते. जवळपास विंडोजचा संगणकच नसेल आणि मजकूर तातडीने वाचायचा असेल, तर ते चालवण्याऐवजी डिस्क फक्त वाचनासाठी माउंट करणे अधिक सुरक्षित आहे.

अडवणाऱ्या दोन फोल्डरांचे कारण याहून साधे आहे. एनटीएफएस प्रत्येक फोल्डरबरोबर मालकाची आणि परवानग्यांची नोंद ठेवते आणि त्या नोंदीत नाव नसून मूळ संगणकावरील खात्याचा एक लांब ओळखक्रमांक असतो. जुना संगणक गेला किंवा त्यावर विंडोज नव्याने बसवली की तो क्रमांक कोणाचाच राहत नाही. सुरक्षा या भागात मालकाच्या जागी अनोळखी खाते आणि आकड्यांची लांबलचक मालिका दिसली तर हेच कारण समजावे. तेथील प्रगत पर्यायांतून मालक बदलून आपले खाते नेमावे आणि तो बदल आतील सर्व फोल्डरांना लागू करावा. लिनक्सवरचे ड्रायव्हर नेहमीच्या मांडणीत या नोंदी पाळत नाहीत, म्हणून तेच फोल्डर उबंटूवर विनातक्रार उघडतील. त्यावरून विंडोज खराब आहे असा निष्कर्ष काढू नये. फक्त एक अपवाद लक्षात ठेवावा. फाइलीच्या चिन्हावर कुलपाची खूण असेल तर ती विंडोजच्या ईएफएस पद्धतीने कूटबद्ध केलेली असते आणि मालक बदलून ती उघडत नाही. त्यासाठी मूळ खात्याचे प्रमाणपत्रच लागते.

क्षमतेतील तफावत पाहून घाबरण्याचे कारण नाही. निर्माता २ टीबी म्हणजे २ लाख कोटी बाइट असे मोजतो. विंडोज तीच संख्या १०२४ च्या घातांनी भागते, म्हणून १.८१ दिसते, पण एकक मात्र टीबी असेच लिहिते. मॅकने २००९ सालच्या स्नो लेपर्डपासून दशमान पद्धत स्वीकारली, म्हणून तेथे २ टीबी दिसते. उबंटूवर तर डिस्क्स या ॲपमध्ये २ टीबी आणि टर्मिनलमधील डीएफ आज्ञेत १.९ असे दोन आकडे दिसतील, कारण डीएफ आकडा वरच्या बाजूला पूर्ण करते. जागा भरलेली दिसते पण फाइली सापडत नाहीत अशी तक्रार पुढे कधी आलीच, तर आधी कचरापेटी पाहावी. विंडोज आणि उबंटू डिस्कवर आपापली वेगळी लपलेली कचरापेटी ठेवतात आणि एकीत टाकलेले दुसरीतून रिकामे होत नाही.

दुबार फाइलींचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो खास आपल्या लिपीशी जोडलेला आहे आणि इंग्रजी नावे वापरणाऱ्यांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शनात त्याचा उल्लेखही सहसा आढळत नाही. दुबार झालेल्या नावांत बहुधा दुसऱ्या, कादंबऱ्या, साऱ्या, वाऱ्यावर असे शब्द असतील, ते आपण पडताळून पाहावे. या शब्दांतील ऱ्य हे जोडाक्षर युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे लिहिता येते. ऱ हे अक्षर ०९३१ या एकाच संकेतांकाने लिहिता येते, किंवा र या अक्षरापुढे नुक्त्याची खूण देऊन दोन संकेतांकांनी लिहिता येते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस या फाइल सिस्टिममध्ये नाव साठवतानाच अशा अक्षरांचे तुकडे केले जात. २०१७ साली आलेली एपीएफएस नाव दिले तसेच ठेवते आणि दोन्ही रूपे एकच मानते, पण मॅकवरचे काही प्रोग्रॅम आजही नाव पुढे देताना त्याचे तुकडे करूनच देतात. याउलट विंडोजवरील एनटीएफएस आणि लिनक्सवरील ईएक्सटी४ नाव मिळाले तसे ठेवतात आणि दोन रूपांना दोन स्वतंत्र नावे समजतात. परिणामी विंडोजवर तयार केलेली ‘दुसऱ्या विभागाची पाने’ ही फाइल आणि मॅकवरून परतलेली तीच फाइल संग्रहात शेजारी शेजारी बसतात आणि आरसिंकसारखे प्रत घेणारे साधन प्रत्येक वेळी दोन्ही जपते.

यावर उबंटूवर कॉन्व्हएमव्ही हे साधन उपयोगी आहे. यूटीएफ-८ मधून यूटीएफ-८ मध्येच, एनएफसी (जोडलेल्या एकाच संकेतांकाच्या) रूपात आणि आतील सर्व फोल्डरांसह असे त्याला सांगावे. आपण वेगळा पर्याय देऊन परवानगी देत नाही तोवर ते प्रत्यक्ष बदल करत नाही, केवळ काय बदलेल याची यादी दाखवते. ती यादी नीट वाचावी, जोडीतील दोन्ही फाइलींचा आकार आणि तारीख पाहून नवी कोणती ते ठरवावे, जुनी बाजूला ठेवावी आणि मगच बदल करू द्यावा. मात्र याचे आणखी एक तिसरे रूप आहे आणि ते या साधनाने एकत्र होत नाही. काही कीबोर्ड र, हलन्त, अदृश्य जोडखूण आणि मग य असे लिहून हेच ऱ्य उमटवतात. युनिकोडच्या नियमांनुसार हे रूप पहिल्या दोहोंच्या समतुल्य नाही, म्हणून अशी नावे शोधून हातानेच बदलावी लागतात. अंकाच्या कामात असलेल्या सर्वांनी एकाच प्रकारचा मराठी कीबोर्ड वापरायचे ठरवले तर हा त्रास मुळातच थांबतो.

नावांबाबत आणखी थोडे. विंडोजला नावात अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारका, उभी रेघ, दुहेरी अवतरणचिन्ह आणि कोनी कंस चालत नाहीत, आणि नावाच्या शेवटी पूर्णविराम किंवा मोकळी जागाही चालत नाही. लिनक्सला हे सगळे चालते. उबंटूवर ‘मुखपृष्ठ: अंतिम?’ अशा नावाने ठेवलेली फाइल विंडोजवर दिसते, पण उघडत नाही, तेव्हा ती फाइल खराब झाली असे समजून पुसू नये. उबंटूवरच तिचे नाव बदलावे.

आता पुढची व्यवस्था कशी असावी हा प्रश्न उरतो. तिन्ही प्रणालींवर लिहिता यावे यासाठी फिरत्या डिस्कवर एक्सफॅट हीच व्यवहार्य निवड आहे. ही रचना मायक्रोसॉफ्टने २००६ साली आणली आणि २०१९ साली तिचे तपशील खुले केले. त्यानंतर लिनक्सच्या कर्नलमध्ये ५.४ आवृत्तीपासून तिचा समावेश झाला आणि ५.७ मध्ये सुधारित ड्रायव्हर आला, त्यामुळे आजच्या उबंटूवर वेगळे काही बसवावे लागत नाही. फॅट३२ सगळीकडे चालते, पण तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि स्तर असलेली मुखपृष्ठे किंवा चित्रफिती ती मर्यादा सहज ओलांडतात. एक्सफॅटचीही उणीव आहे. तिला जर्नल नाही, म्हणजे लिहिणे चालू असताना डिस्क ओढून काढली तर अर्धवट राहिलेली नोंद सावरण्याची सोय तिच्यात नाही. विंडोजने २०१८ च्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कसाठी लगेच काढता येण्याची मांडणी मूळ मानली असली, तरी मॅक आणि उबंटू लेखन काही काळ मेमरीत ठेवतात, म्हणून तिन्हींवर डिस्क रीतसर इजेक्ट केलीच पाहिजे. मोठ्या डिस्कवर विंडोज एक्सफॅटमध्ये जागा वाटण्याचा लहानात लहान खंड मूळ मांडणीत १२८ केबीचा ठेवते, त्यामुळे हजारो लहान फाइली असलेला फोल्डर तेथे अपेक्षेपेक्षा बरीच जास्त जागा व्यापतो. तसेच मॅक अनेक फाइलींबरोबर टिंब आणि अधोरेषेने सुरू होणारी एक छोटी सोबतफाइल ठेवतो. विंडोजवर ती छायाचित्राच्याच नावाने दिसते आणि उघडत नाही. मूळ छायाचित्र शेजारीच असते.

संग्रहासाठी मात्र मी एक्सफॅट सुचवणार नाही. जुने अंक उबंटूच्या आतल्या डिस्कवर ईएक्सटी४ मध्येच असू द्यावेत आणि सांबा हा फाइली नेटवर्कवर देणारा प्रोग्रॅम वापरून ते फोल्डर कार्यालयाच्या नेटवर्कवर खुले करावेत. अशा वेळी विंडोज आणि मॅक डिस्कची रचना स्वतः वाचत नाहीत, फाइल मागतात आणि उबंटू ती देते, त्यामुळे फाइल सिस्टिमच्या भांडणाचा प्रश्नच उद्भवत नाही. नेटवर्कपासून दूर असलेल्या छायाचित्रकाराकडून मजकूर आणण्यापुरतीच फिरती डिस्क वापरावी.

एनटीएफएसचे एक्सफॅट जागच्या जागी करता येत नाही, त्यासाठी फॉरमॅटच करावे लागते. म्हणून आधी वर सांगितल्याप्रमाणे एनटीएफएसची तपासणी आणि परवानग्या नीट कराव्यात, मग सर्व मजकूर दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून घ्यावा आणि नावे एकसारखी करावीत. प्रती बरोबर आहेत की नाहीत हे फाइलींची संख्या पाहून ठरवू नये, एसएचए-२५६ बेरजा, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून काढलेले ओळख-आकडे, जुळवून ठरवावे. उबंटूवर एसएचए२५६सम, मॅकवर शासम आणि विंडोजवर सर्टयुटिल ही साधने ते काम करतात. फॉरमॅट विंडोजवर जीपीटी पद्धतीने आणि खंडाचा आकार मूळ ठेवून करावे. ते मॅकवर करायचेच असेल तर डिस्क युटिलिटीमध्ये आधी सर्व उपकरणे दाखवण्याचा पर्याय निवडून सर्वांत वरची ओळ धरावी, एरवी पार्टिशनची पद्धत बदलण्याचा पर्याय दिसतच नाही.

एक्सफॅटवर आल्यानंतर कधी डिस्क चुकून इजेक्ट न करता काढली गेली, तर पुढच्या वेळी मॅकवर ती बराच वेळ दिसणार नाही आणि डिस्क युटिलिटीत तिचे नाव फिकट राहील. ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये एफएससीके-एक्सफॅट ही प्रक्रिया चालू दिसली तर मॅक पार्श्वभूमीवर तपासणी करत आहे असे समजावे. २ टीबीच्या भरलेल्या डिस्कवर तिला बराच वेळ लागू शकतो. ती पूर्ण होऊ द्यावी, मध्येच केबल काढू नये. तपासणी संपूनही डिस्क उघडली नाही, तर ती विंडोजला लावून चेकडिस्कने तपासावी.